विळ्याची मूठ

उद्या खंडेनवमी, म्हणून वरसे गावातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत आईचा जुना विळा साफ करायला घेतला. पात्यावरच्या गंजाला नवरा रॉकेल लावत होता. "मूठ पण घासू काय?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं. तोवर त्या वासाने मला गावच्या अंगणात नेलं होतं.

बाबा तेव्हा डोलवीला कंपनीत कंत्राटावर होते. नवमीच्या आदल्या दिवशी शिफ्टवरून येताना त्यांनी पॉलिश पेपर आणला, आईच्या विळ्याची मूठ गुळगुळीत घासली आणि वर व्हार्निश दिलं. तिच्या अंगठ्याने वर्षानुवर्षं पाडलेला खळगा त्यात गेला. "बघ गो, नवा वाटतो का नाय?"

आईने अंगठा जुन्या जागी ठेवला. तो सरकला. पुन्हा ठेवला. "चांगला झालाय," ती म्हणाली.

कापणीत तिच्या तळहाताला फोड आले. चिंधी बांधून ती भात कापत राहिली. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "घाम येतो, म्हणून बांधलीय." बाबांनी मान डोलावली. कसे सहज फसले, असं मला वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला बाबांनी कोयता घासला, कुऱ्हाड घासली, दोन्हींच्या दांड्यांना व्हार्निश दिलं. आईच्या विळ्याचं मात्र त्यांनी पातं तेवढं पुसलं, आणि मुठीला हात न लावता तो पूजेच्या पाटावर ठेवला.