एक जूनला जन्मलेली वाडी

पेण तालुक्यातील गडबजवळच्या एका वाडीतील शाळेत मी बरीच वर्षे शिकवले. मूल पहिलीत दाखल करताना आईला जन्मतारीख विचारली, की उत्तर येई, "भात लावायच्या वक्ताला झाला, बाई." रजिस्टरमधला रकाना रिकामा ठेवता येत नसे. मग आम्ही शिक्षक तेथे एक जून लिहीत असू. वय नियमात बसे आणि कोणाचे नुकसान होत नसे, अशी आमची समजूत होती.

ती चूक निवृत्तीनंतर माझ्याच एका विद्यार्थिनीने मला दाखवून दिली. रोह्याजवळच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तो विभाग बंद झाला आणि तिचे काम सुटले. विमा उतरवलेल्या कामगाराला अशा वेळी सरकारकडून काही काळ बेरोजगार भत्ता मिळतो. दुसरे काम लागेपर्यंत तिचे घर त्याच भत्त्यावर चालायचे होते. ती अर्ज करायला गेली, तेव्हा विमा कार्यालयाच्या खिडकीवर कळले, की तिच्या नावाचा अर्ज आधीच आला आहे. खाते आणि मोबाइल मात्र दुसऱ्याच कोणाचे. तपासणी बाकी असल्याने पैसे अजून सुटले नव्हते.

शेजारणीला घेऊन ती पेणला माझ्याकडे आली.

"कोणाला काही सांगितले होतेस का?" मी विचारले.

"फोन आला व्हता, बाई. म्हनाला, विमा हापिसातून बोलतो, मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा. मी नाय म्हटलं. मंग म्हनाला, तुमची जन्मतारीख एक जून, बरोबर ना? मला वाटलं, येवढं ठाव हाय म्हंजे हापिसातलाच हाय. दिला सांगून."

शेजारीण म्हणाली, "एक जून माजी पन हाय गो, नि माज्या नवऱ्याची पन. त्या दिवशी वाडीची सुईन पार दमली आसंल."

बोलून ती स्वतःच हसली. मला हसता आले नाही. त्या माणसाने तारीख चोरलीही नव्हती. त्याने केवळ अंदाज बांधला होता, आणि तो खरा ठरावा अशी सोय मी माझ्या सुवाच्य अक्षरात करून ठेवली होती.

आम्ही क्रमाने कामाला लागलो. आधी पोलिसांकडे तक्रार, मग 'हा अर्ज माझा नाही' असे विमा कार्यालयाला लेखी निवेदन. सोबत तिचे जुने पासबुक. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोह्याला निघालो. निडी स्टेशन मागे पडेपर्यंत मी तिची तोंडी परीक्षा घेत होते. पगार कोणत्या खात्यात? कामाचा शेवटचा दिवस कोणता?

कार्यालयातील साहेबांनी कागद चाळले आणि सवयीने विचारले, "जन्मतारीख?"

ती म्हणाली, "ती सोडून कायपन इचारा, सायेब. ती समद्यांना ठाव हाय."

साहेबांनी मान वर केली. "खरं आहे. माझीही एक जूनच आहे." मग त्यांनी पासबुक उघडले. पहिल्या पगारापासून शेवटच्या पगारापर्यंत एकच खाते होते. त्यांनी जुना अर्ज रोखला आणि तिच्याकडून नवा भरून घेतला.

पावसाळा संपण्यापूर्वी भत्ता तिच्या खात्यात जमा झाला.

आता दर रविवारी वाडीतल्या समाजमंदिरात ती बायांना बसवून शिकवते. आधारची झेरॉक्स देताना ती कशासाठी व कोणाला दिली, हे तिच्यावरच आडवे लिहायचे आणि तारीख घालून सही करायची. मोबाइलवर आलेला नंबर फोनवर विचारणारा आपला कितीही ओळखीचा वाटला, तरी सांगायचा नाही. मागच्या खेपेस मी मागे सतरंजीवर बसून ऐकत होते. तिने अचानक माझ्याकडे बोट केले.

"बाई, तुमची जन्मतारीख सांगा."

मी सवयीने उभी राहिले, आणि मग म्हणाले, "कशाला हवी?"

"बराबर," ती म्हणाली. "बसा."