बसायचे चार दिवस

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती, आणि तिकडे माण गावात माझ्या नवऱ्याच्या मामाची पोर लग्नाच्या वयाची झाली होती. या दोन गोष्टी आमच्या रिहे गावच्या घरात कुणी एका दमात बोलत नसे, पण सगळ्यांच्या डोक्यात त्या एकत्रच नांदत होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याची पोर दुसरी सून म्हणून करून घ्यायचा भावाला जवळजवळ शब्द देऊन टाकला होता. मला तेवढं सांगायचं राहिलं होतं. ते मला शेजारणीनं विहिरीवर सांगितलं, तेही तोंडाला पदर लावून, जणू मीच काही गुन्हा केलाय.

दुसरी आल्यावर पहिलीचं काय होतं ते मी पाहिलं होतं. तिला कुणी हाकलत नाही. ती शेणगोठा करते, भात लावते, दुसरीची बाळंतपणं काढते, आणि हळूहळू घरात तिला विचारून काही करायचं लोक सोडून देतात. मला तसं जगायचं नव्हतं.

माझा नवरा वाईट नव्हता, पण आईपुढं त्याची दातखिळी बसायची. त्यानं एकदाच काय तो धीर केला. म्हणाला, "आये, येकडाव पुन्याच्या डाक्टरनीला दावू. मंग तू म्हनशील तसं."

ते "तू म्हनशील तसं" ऐकून मला त्याचा इतका संताप आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही. आत्याबाई मात्र लगेच तयार झाल्या. डॉक्टरणीनं वांझ म्हटलं की गावात तोंड द्यायला बरं, असा त्यांचा हिशेब. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. कायद्यानं दुसरी करायला बंदी झालीय हे कुणीतरी पाटलाच्या ओट्यावर सांगितलं होतं, त्यावर आत्याबाई म्हणाल्या होत्या, "कायदा पुन्यात. रिह्यात कुटं आलाय?"

पिरंगुटपर्यंत चालत आणि पुढं एसटीनं आम्ही दोघी पुण्याला गेलो. दवाखान्यात बायकांची ही गर्दी. बऱ्याच वेळानं आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाई चष्मा लावलेल्या, वयानं माझ्या आईएवढ्या, बोलायला तुटक.

"पाळी दर महिन्याला येते का?"

प्रश्न मला होता, उत्तर आत्याबाईंनी दिलं. "येती की. येक म्हैना चुकत न्हाई."

"किती दिवस असते?"

"चार दिस. कंदी तीन न्हाई का कंदी पाच न्हाई."

आत्याबाई खोटं बोलत नव्हत्या. आमच्याकडे बाई बाहेरची झाली की मागच्या पडवीत तिचं तरट, तिचं ताट आणि तिचा तांब्या वेगळा. चार दिवस चुलीला, पाण्याला, धान्याला शिवायचं नाही, भाताच्या रोपात पाय टाकायचा नाही. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की आत. अंगावरून एक दिवस गेलं की चार दिवस गेलं, हे कुणी विचारत नसे. बसायचे दिवस ठरलेले होते आणि त्या तेच मोजत होत्या.

आणि खरं सांगायचं तर मीही तेच मोजत होते. माहेरी मला तीन दिवस चांगलं जायचं. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी ते आटत गेलं आणि पुढं एका दिवसावर आलं. तेही काय, फडक्यावर रुपयाएवढा डाग. मला उलट बरं वाटलं होतं. ओढ्यावर आडोसा बघून फडकी धुवायची, कुणाला दिसू नयेत अशी काटेरी झुडपाआड वाळत घालायची, या कटकटीतून सुटले म्हणून देवाला हात जोडले होते. त्याचा आणि मूल न होण्याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. सांगणार कोण? या गोष्टी आई लेकीशी बोलत नव्हती, तिथं सासू काय बोलणार.

डॉक्टरीणबाईंनी आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "वरवर तर सगळं ठीक दिसतंय. पुढच्या वेळी हिच्या नवऱ्याला घेऊन या."

"माज्या पोराला? त्याला काय धाड भरलीया?" आत्याबाई उठल्याच. "चल ग. झालं दावून."

मी उठले. या दारातून बाहेर पडले की माणची पोर घरात आलीच, हे मला लख्ख दिसत होतं. डॉक्टरीणबाई ताकदीचं औषध लिहून देत होत्या. माझी पापणी खाली ओढून त्यांनी सहज विचारलं, "अंगावरून फार जातं का ग? चार दिवस म्हणजे फडकीही पुष्कळ लागत असतील."

"लागत्याल की," आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाई लागत," मी म्हणाले. जमिनीकडं बघतच, पण मोठ्यानं. शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली. "मी बसते चार दिस. जातं येकच दिस. त्यो बी निस्ता डाग."

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "आनि मंग ऱ्हायलेलं दिस बसून काय करतीस?"

"काय करनार? तुमी बसवता म्हनून बसते."

सहा वर्षांत मी त्यांना उलट शब्द बोलले नव्हते. पण आता थांबायचं नाही असंच वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद फाडला आणि आम्हा दोघींना खाली बसायला सांगितलं.

मग त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं, या वेळी मला. आधी किती जायचं, कधीपासून कमी झालं, मध्ये दिवस राहून गेले होते का, सुईणीनं काही केलं होतं का. मग समजावून सांगितलं. काही बायकांना पहिल्यापासूनच कमी जातं, त्यात बिघाड असा काही नसतो. कुणाचं अंग फार खंगलेलं असतं, कुणाच्या गळ्यातल्या ग्रंथीचं काम मंदावतं. कधी तर दिवस राहिलेले असतात आणि बाई त्या डागालाच पाळी समजते. "पण तुझं आधी नीट होतं आणि मग आटत गेलं. ते का, हे बघायलाच पाहिजे." पिशवीच्या आतल्या अस्तराचा एक तुकडा काढून तपासायचा होता. त्यासाठी पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा बोलावलं.

पुन्हा गेलो. तुकडा काढताना फार दुखलं. छातीचा फोटोही काढला. उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागतील म्हणाले.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मधेच मामा माणहून आले, ओट्यावर बसून मुहूर्ताचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "डाक्टरनीचं येऊ दे." मी बाहेर बसले तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या पडवीच्या दारात आल्या. "आज हाय का?" मी "न्हाई" म्हणाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या मान हलवून आत जायच्या. माझ्याविरुद्ध पुरावा गोळा करतायत असंच मला वाटायचं, आणि मी तरटावर बसून दात आवळून घ्यायची.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "क्षय आहे. गर्भाशयाचा."

क्षय हा शब्द आत्याबाईंना बरोबर कळला. त्यांनी नाकाला पदर लावला आणि त्या बाकावर माझ्यापासून वीतभर सरकल्या. मला वाटलं, संपलं. आता गोठासुद्धा मिळायचा नाही.

"सरकू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या छातीचा फोटो साफ आहे, हिच्यापासून तुम्हाला काही होणार नाही. हिलाच कुणापासून तरी लागलाय. आधी श्वासातून आत जातो, मग रक्तातून कुठंही जाऊन बसतो. घरात कुणाला जुना खोकला होता का?"

मला उत्तर माहीत होतं. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासरे आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले होते. सगळे दमा म्हणायचे. मी त्यांना पेज भरवायची, पाठ चोळायची, त्यांचं राख घातलेलं थुंकीचं मडकं रोज मागं नेऊन ओतायची. बाकीच्यांना त्याची घाण वाटायची आणि मी नवी होते, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी तोंड उघडलं नाही. या वेळी उत्तर त्यांनीच द्यावं असं मला फार वाटत होतं.

"माजं मालक," आत्याबाई शेवटी म्हणाल्या.

"कधी गेले?"

"हिच्या लग्नाला वरीस झाल्यावर."

"मग बहुतेक तिथूनच लागलंय. त्यांचं सगळं कोण करायचं?"

त्यांनी नाकाचा पदर खाली घेतला.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच करायची."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं आणि गोळ्या वर्ष-दीड वर्ष घेतल्या तर रोग बरा होईल. मुलाचं सांगता येत नाही, खोटी आशा दाखवणार नाही. पिरंगुट येईपर्यंत परतीच्या एसटीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि मला त्यांच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं.

चार-दोन दिवसांनी मामा पुन्हा आले. मी दाराआड उभी होते, आत्याबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"मंग आक्का? वांझच निगाली न्हवं?"

"तुजी पोर दुसरीकडं दे," आत्याबाई म्हणाल्या. सूप त्यांनी खाली ठेवलं नाही.

"का? शब्द दिला हुता तू."

"माज्या मालकाचं थुकं काडून काडून हिच्या पोटाला रोग लागलाय. आता हिच्याच उरावर सवत आनू व्हय?"

"आनि वंसाचं काय?"

"बुडला तर बुडू दे."

मामा चहा न घेताच माणला निघून गेले. मी दाराआड तशीच उभी राहिले. रडू येत होतं आणि रागही येत होता, की हे कळायला माझ्या पोटाची राखरांगोळी व्हावी लागली. आत्याबाई मला काही म्हणाल्या नाहीत, नुसतं ओरडल्या, "गोळी घेतली का?"

सुया टोचून घ्यायला मी दीड वर्ष जवळच्या घोटावडे गावातल्या कंपाउंडरकडं जात राहिले. रोग गेला. पाळी एका दिवसाची दोन दिवसांवर गेली. मूल मात्र झालं नाही. त्याबद्दल आत्याबाईंच्या तोंडून पुढं कधी शब्द आला नाही, आणि नातवाचं तोंड न बघताच त्या गेल्या. माझा नवरा त्यांचा एकुलता एक मुलगा होता हो. ते आठवलं की आजही मला भडभडून येतं.