यमुनाबाईंच्या मुली

पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवतेय न ठेवतेय तोच यमुनाबाई म्हणाल्या, "हात पुढं कर." मला वाटलं, नखं बघणार असतील. पण त्यांनी माझ्या मनगटातल्या काचेच्या बांगडीखाली बोट घातलं, बांगडी हळूहळू कोपराकडं सरकवली आणि जिथं ती अडली तिथं अंगठा टेकवून क्षणभर थांबल्या. "बरी आहेस," त्या म्हणाल्या. "ही इथून वर जायला लागली, तर गाठ माझ्याशी आहे."

असा हात त्या प्रत्येकीचा बघत आणि कुणाची बांगडी कुठं अडते ते त्यांच्या पक्कं लक्षात राही. "आरसा खोटं बोलतो, बांगडी बोलत नाही," असं त्या म्हणायच्या.

सांगलीच्या कॉलेजात तेव्हा मुली थोड्याच होत्या. बाहेरगावच्या मुलींनी राहायचं कुठं, हा प्रश्न होता. गावातल्या काही सुधारक मंडळींनी कमिटी नेमून, एक घर भाड्यानं घेऊन आमचं वसतिगृह काढलं होतं. आम्ही चौदा-पंधराजणी होतो आणि यमुनाबाई आमच्या सुपरिंटेंडेंट. त्या मूळच्या साताऱ्याच्या. उंच, काटक, पन्नाशीकडं झुकलेल्या. त्यांनी लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

लढाईचे दिवस होते. गहू मिळत नसे, घासलेट मिळत नसे, रेशनवर येईल त्या ज्वारीत खडे असत. आम्ही भाकरीला नाकं मुरडायचो. बाई आमच्या मुठीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा कोंबून म्हणायच्या, "बुद्धी राहते डोक्यात, पण तिचं भाडं पोट भरतं." परीक्षेच्या दिवसांत कोणी ना कोणी ताटावर बसून मुसमुसायची. बाई तिच्या पानात भात वाढत आणि सांगत, "रडायचंय ना? जेवून घे आणि मग रड. उपाशी माणसाला नीट रडताही येत नाही." महिन्याचे ते तीन दिवस मुली कोपऱ्यात बसायच्या, उरलंसुरलं गार खायच्या. बाईंनी ते पहिल्याच आठवड्यात मोडलं. "कॉलेजात जाऊन बाकावर बसता ना? मग पाटावर बसायला काय झालं?" एवढंच त्या म्हणाल्या.

आमच्यात सगळ्यांत हुशार होती विमल, साताऱ्याच्या एका पेढीवाल्याची मुलगी. गणित तिच्या बोटांतून वाहायचं. मी कडेगावकडची, बेताच्या बुद्धीची, पण चिकट. आणि माझ्या खोलीत होती सुमती. कृष्णाकाठच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याची थोरली लेक, सायन्सला असलेली. इतकी हळू बोलायची, की समोरच्याला पुढं वाकावं लागे.

सुमतीची बांगडी वर सरकू लागल्याचं बाईंनी थंडीच्या सुरुवातीला ओळखलं. एके दिवशी ती जवळजवळ कोपरापर्यंत गेली. बाईंनी तिला समोर बसवलं.

"संध्याकाळी काय जेवतेस?"

"जेवते की."

"काय जेवतेस ते विचारलं."

सुमतीला खोटं रेटता येईना. ती खाली बघत म्हणाली, "दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, बाई."

तेव्हा कुठं आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सायन्सच्या मुलांची प्रॅक्टिकलं दुपारनंतर सुरू होत. ती संपवून, गावाबाहेरच्या कॉलेजातून चालत सुमती परत येई तेव्हा दिवे लागलेले असत. सकाळच्या जेवणावर ती दुसऱ्या सकाळपर्यंत काढत होती. मी तिच्या शेजारच्या खाटेवर झोपत होते आणि मलाही तिचं रोजचं "मैत्रिणीकडं खाल्लं" हेच खरं वाटत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"माझ्या एकटीसाठी सगळ्यांना कशाला त्रास?"

बाई तिला रागावल्या नाहीत, नियम मोड असंही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या थेट प्रिन्सिपॉलांच्या खोलीत गेल्या. एका मुलीसाठी वेळापत्रक कसं बदलायचं, असं साहेबांनी विचारलं. "वेळापत्रक बदलू नका," बाई म्हणाल्या, "मधे थोडा वेळ दार उघडा." त्या दिवसापासून ऊन कलायला लागलं की बाई डबा घेऊन कॉलेजकडं चालत निघत. प्रयोगशाळेबाहेरच्या लिंबाखाली सुमती जेवायची आणि बाई तिच्या शेवटच्या घासापर्यंत समोर बसून राहायच्या.

पण तोवर तिला खोकला लागला होता. संध्याकाळी अंगात कसकस असायची आणि गालावर उगाच लाली चढायची. बाई तिला मिरजेला दवाखान्यात घेऊन गेल्या, सोबतीला मला घेतलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, बाईंना आत बोलावलं. त्या बाहेर आल्या. त्यांनी सुमतीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "विश्रांती घ्यावी लागेल, बरीच."

परतीच्या गाडीत सुमतीला डोळा लागला. खिडकीबाहेर बघत बाई मला म्हणाल्या, "शालन, माझा धाकटा भाऊ पुण्याला शिकायला होता. विषमज्वरानं पडला. शेजारच्या खोलीतल्या मुलांना वाटलं, दार लावून अभ्यास करतोय. म्हणून कुणी दार वाजवलं नाही." त्यांच्या घरचं मी एवढंच ऐकलं. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे अध्यक्ष आले. ते वकील होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते खालच्या आवाजात सांगत होते, "बाई, त्या मुलीला घरी पाठवा. अशक्तपणा आहे म्हणा. क्षय हा शब्द या घरात काढू नका. शिकलेल्या मुली वाळतात, असं लोक आधीच बोलतात. हे बाहेर गेलं की एकही बाप मुलीला इथं ठेवणार नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"सुमतीच्या खोलीत शालन झोपते. तिच्या पंक्तीला सगळ्या बसतात. त्यांच्या छातीत काय आहे ते बघायला नको?"

"गुपचूप बघा."

"एवढ्या मुलींना गुपचूप मिरजेला कसं न्यायचं? आणि उद्या एखादीला काही निघालं तर तिच्या आईला काय सांगू?"

वकीलसाहेब वाईट माणूस नव्हते. या घरापायी त्यांनी आपल्याच आळीतल्या लोकांची बोलणी खाल्ली होती. जाताना ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, "एका मुलीसाठी सगळ्यांचं शिक्षण जाईल, बाई. याचा विचार करा." बाई दारात उभ्या होत्या.

त्यांनी विचार केला असणार. त्या दिवशी त्या स्वतः जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्तीत वाढून झाल्यावर त्यांनी आम्हाला सगळं सांगितलं. रोगाचं नाव घेऊन सांगितलं. प्रत्येकीनं मिरजेला जाऊन छाती तपासून घ्यायची आहे आणि घरी त्या स्वतःच कळवणार आहेत, असंही सांगितलं. कुणीतरी हुंदका दिला. विमल फक्त म्हणाली, "आता मला नेतील."

तपासणीत बाकी सगळ्या निरोगी निघाल्या. त्याचा उपयोग झाला नाही. बाप, काका, भाऊ येत गेले आणि ट्रंका टांग्यात चढत गेल्या. कुणी बाईंना टाकून बोललं, कुणी त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. विमलचे वडील उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. विमलनं गणिताची पुस्तकं ट्रंकेत ठेवली, त्यांनी ती बाहेर काढून ओट्यावर ठेवली आणि तिला घेऊन गेले.

मग माझे आबा आले. पलटणीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले आणि आता ऊस करणारे. बाईंसमोर ते बाकावर ताठ बसले.

"आवं बाई, ही बातमी फुटली कुटनं?"

"फुटली नाही. मीच सांगितली."

"गप ऱ्हायला असता तर पोरी ऱ्हायल्या असत्या न्हवं तुमच्याकडं?"

"राहिल्या असत्या. आणि उद्या तुमच्या शालनला खोकला लागला असता, तर तोही मी तसाच दाबला असता."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आमच्या बराकीत एकदा पटकी लागली. वरच्या सायबाला कळाय नगं म्हनून आमच्यातल्याच एकानं दाबून ठिवली. लय मानसं गेली. लढाईत न्हाई, बाई, बराकीत." ते माझ्याकडं वळले. "शाले, ऱ्हातीस का येतीस?"

"राहते."

"मग ऱ्हा. वाईट बातमी सोताच्या तोंडानं सांगनाऱ्या बाईकडं पोरगी ठिवायला मला भ्या न्हाई."

असं म्हणणारे आबा एकटेच ठरले.

सुमतीला तिच्या वडिलांनी गावी नेलं होतं. मिरजेजवळच्या आरोग्यधामात तिला ठेवावं, म्हणून बाई बैलगाडीनं त्यांच्या गावी गेल्या. मीही होते. वडील मान खाली घालून म्हणाले, "मागं दोन पोरी हायत, बाई. थोरलीला तिकडं ठिवली म्हटल्यावर त्यास्नी कोन करून घील?" बाईंनी खूप समजावलं. ते नुसते मान हलवत होते. शेवटी आतून सुमतीची आई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरत नवऱ्याला म्हणाली, "एक लेक झाकून दोघींची लग्नं कराची, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. गाडी जुपा."

सुमती आरोग्यधामात एक पावसाळा जगली. बाई सुट्टीच्या दिवशी मला घेऊन तिच्याकडं जात. तिथं तिचं संध्याकाळचं ताट उन्हातच यावं, हे त्यांनी नर्सला पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. सुमती माझ्याकडून कॉलेजात काय चाललंय ते विचारून घ्यायची आणि मी सांगताना डोळे मिटून ऐकायची. पुढच्या थंडीत ती गेली. त्या रोगावरचं औषध आमच्या भागात यायला अजून काही वर्षं होती.

वसतिगृह त्याआधीच, वर्ष संपताना बंद झालं होतं. बाईंनी गावभागात दोन खोल्या घेतल्या, शिकवण्या धरल्या. मी त्यांच्याजवळ राहून बी. ए. झाले. पुढं त्या साताऱ्याला मुलींच्या शाळेत गेल्या. मलाही तिथंच नोकरी मिळाली. बाई अजून चालायच्या झपाझप, पण पूर्वीसारखं पटकन काही बोलून टाकत नसत. एखादी मुलगी शाळेत यायची थांबली की तिच्या घरापर्यंत जात आणि कधी कधी दार न वाजवताच परत येत. हे मी त्यांच्यात पहिल्यांदा बघत होते.

एका रविवारी आम्ही मोती चौकातून भाजी घेऊन येत होतो. समोरून विमलचे वडील आले. मागं विमल, कडेवर मूल. ती अंगानं भरली होती, तब्येत चांगली दिसत होती. वडिलांनी बाईंना ओळखलं. भर रस्त्यात म्हणाले, "वेळेवर नेली म्हणून आमची मुलगी वाचली. नाहीतर तुम्ही तिला मारलीच होती."

बाई त्यांच्याकडं न बघता विमलला म्हणाल्या, "बरी आहेस ना?"

"बरी आहे, बाई." मग वडील दोन पावलं पुढं गेलेले बघून तिनं हळूच विचारलं, "त्या वर्षीचा गणिताचा पेपर कसा आला होता?"

मला उत्तर माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. विमल वाट बघून वडिलांच्या मागं निघून गेली.

आम्ही घरी आलो. भाजीची पिशवी ठेवून त्या पायरीवर बसल्या. "शालन," त्या म्हणाल्या, "बाकीच्या कुणाच्या छातीत काही निघालंच नाही. मग मी कुणाला वाचवलं गं?" मी म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर निघालं असतं." त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? आणि घडलेली गोष्ट तर मूल कडेवर घेऊन चौकात उभी होती.

पुढच्या रविवारी त्या गावातच असलेल्या विमलच्या सासरी गेल्या. बाळाला बघायला आले, म्हणाल्या. सासूनं चहा दिला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या. बाळाचे दात, बाळाचं पोट, बाळाला भाताची पेज कधी सुरू करायची, असं सासूशी बोलत बोलत त्या घरच्या झाल्या. मग एकदा पिशवीतून बीजगणिताचं पुस्तक निघालं. सासऱ्यांनी विचारलं, हे कशाला? बाई म्हणाल्या, "बाहेरून परीक्षा देता येते. तिला दोन वेळचं जेवण आणि दुपारची झोप मिळत असेल, तर अभ्यास मी बघते." सासरे हसले. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दीड वर्ष हे चाललं. परीक्षेचा फॉर्म भरायच्या सुमारास बाईंच्या छातीत दुखू लागलं आणि चार दिवसांत त्या गेल्या. विमलला माहेरच्यांनी येऊ दिलं नसतं, पण ती सासऱ्यांबरोबर आली. मूल मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली, रडली नाही.

फॉर्मवर तिच्या सासऱ्यांनी सही केली. विमल परीक्षेला बसली आणि नापास झाली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली.