काळी चारचे बुवा

चाल सुचते कशी, असं हल्ली मला कुणी कुणी विचारतं. सुचते कसली डोंबल. चाल बसवावी लागते, आणि तीही देवाच्या पायाशी नाही, गाणाऱ्याच्या गळ्यात. राग कोणता घ्यायचा, पट्टी कोणती धरायची, वरच्या सा पर्यंत जायचं की पंचमावरूनच मागे फिरायचं, हे सगळं मी दहा वर्षं एकाच गळ्याकडे बघून ठरवलं. तो गळा माझ्या नवऱ्याचा होता. चाली मात्र गावाच्या हिशेबी त्यांच्याच होत्या, आणि त्याबद्दल माझी तेव्हा काही तक्रार नव्हती. आता थोडी आहे.

माझं माहेर आंबोलीच्या वाटेवरचं. भाताची लावणी आटपली की तिथे पाऊस बघत बसण्याशिवाय दुसरा उद्योग नसे. वडिलांनी एक पेटी बाळगली होती. दमट हवेने तिचे सूर चिकटायचे, म्हणून ती चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली असे. दुपारी ती खाली उतरायची आणि वडील मला शिकवायचे. पोरगी शिकून करणार काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि मलाही नाही. पाऊस लांबला म्हणून मी शिकले, एवढंच.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर माझं लग्न ठरलं. बघायला आले तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामांनी त्याची माहिती सांगितली ती अशी : शिक्षण सातवी, मालवणच्या बाजारात शिवणकामाचं दुकान, स्वतःची सायकल, आणि काळी चार. वडिलांनी मान वर केली. बाकी कशाने ती हलली नव्हती.

ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर प्रत्येक सप्तकात काळ्या पट्ट्या पाच, त्या डावीकडून मोजायच्या. गाणारा ज्या पट्टीला सा मानतो ती त्याची पट्टी. साधा पुरुषी गळा काळी एकला गातो. काळी दोन म्हणजे आवाज चढा. काळी तीनला गाणारे बुवा आमच्या तालुक्यात बोटावर मोजण्याइतके. आणि काळी चारला गाणारे एकटे आमचे हे. सगळा गाव त्यांना बुवा म्हणायचा, तेव्हा मीही इथे बुवाच म्हणते.

आमच्याकडे भजनाची बारी असते, म्हणजे दोन गावांचे दोन बुवा समोरासमोर बसून आळीपाळीने गातात. बुवा पेटी स्वतःच वाजवतो. शब्द काय आहेत, राग कुठला, हे नंतर. आधी लोक माना उंच करून बुवाचं बोट कुठल्या पट्टीवर पडतं ते बघतात. एकदा धरलेली पट्टी खाली आणली की तो हरला, मग पुढे कितीही गोड गाऊ दे. पट्टीचा असा मान की मासळी घ्यायला गेले तरी कोळीण मला विचारायची, "बुवांची पट्टी शाबूत आसा मा?" माणूस बरा आहे का, ते विचारायची पद्धत नव्हती.

बुवा दुपारी दुकान बंद करून जेवायला यायचे. जेवणानंतर मी पेटी पुढे ओढायची, भाता हलकेच मारायचा आणि ओठातल्या ओठात नवी चाल गुणगुणून दाखवायची. घरातल्या बाईने गळा मोकळा सोडून गायचं नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच मी येऊ दिली नाही. बुवा दोनदा ऐकायचे आणि तिसऱ्यांदा म्हणायचे. ते म्हणायला लागले की ती चाल माझी आहे हे मलाही खरं वाटेनासं व्हायचं. साऱ्या गावाच्या अंगाची मापं त्यांच्या दुकानातल्या वहीत होती. त्यांच्या गळ्याचं माप मात्र माझ्याकडे. कुठल्या स्वरावर ते मोकळे होतात, कुठल्यावर डोळे मिटतात, कुठे श्वास चोरतात, सगळं मला पाठ होतं.

आणि हे माप ठाऊक असूनही पहिली सात-आठ वर्षं मी काय केलं? मीही त्या काळी चारच्या नादी लागले. चढेल असाच राग निवडायचा. सुरुवात बिहागात करायची आणि गजराला, म्हणजे भजनाच्या शेवटच्या द्रुत भागाला, वरच्या गंधारावर नेऊन ठेवायचं. मी नेत गेले आणि ते चढत गेले. आमचा पखवाजवाला शेजारी कपाळाला हात लावायचा, कारण काळी चारला पखवाज ताणता ताणता त्याच्या पुड्या फाटायच्या. चामडं फाटतं तिथे माणसाच्या गळ्याचं काय होत असेल, हे मला सुचायला हवं होतं. चाली तेवढ्या सुचत होत्या. अजून वाईट वाटतं.

नवव्या की दहाव्या वर्षी बुवांचा आवाज सकाळी उठेनासा झाला. दुसऱ्या चहानंतर तो कसाबसा जागा व्हायचा. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून तूप-मिरीही झाली. शेवटी मीच त्यांना मालवणातल्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लहानसा आरसा घशात घालून बघितलं आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "गाठी आल्यात. सहा महिने गाणं बंद. त्यानंतर गायचंच असेल तर खालच्या पट्टीत. नाही तर आवाज कायमचा जाईल."

परतताना बुवा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. बाजार मागे पडला. मग म्हणाले, "गप रवूक सांगतत, रवतलंय. पट्टी उतरवची नाय. पट्टी उतरली म्हणजे बुवा उतरलो."

"आणि आवाज गेलो तर?" मी विचारलं.

"डॉक्टराक गाण्यातला काय कळता?" ते म्हणाले.

सहा महिन्यांची गप्प बसण्याची मुदत सहा आठवड्यांत संपली, कारण मध्ये देवळातला सात दिवसांचा भजनी सप्ता आला. शेवटच्या दिवशी बारी ठरली होती. समोर पलीकडच्या गावचे बुवा येणार होते, काळी तीनवाले. पट्टी उतरवा असं सांगायची माझी छाती नव्हती. सांगून उपयोगही नव्हता. तेव्हा पट्टी तशीच ठेवून चाल कशी उतरवता येईल याचा मी विचार करायला लागले.

काही राग सा च्या वर रमतात आणि काही सा च्या खाली उतरून बसतात. पहाडी हा असा खाली बसणारा. त्याची सगळी गंमत मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापासून मधल्या पंचमापर्यंत, वरच्या सा शी त्याचं फारसं देणंघेणं नाही. त्यात चाल बांधली तर बोट राहील काळी चारवर, सगळ्यांना दिसेल असं, आणि गळा वावरेल साध्या माणसासारखा खालच्या खाली. आठ दिवस मी भात रांधताना, नारळ खवताना, विहिरीवर पाणी काढताना तेवढंच करत होते. गजरसुद्धा मी पंचमावरून खाली आणला. इतकी बेतून केलेली चाल मी त्याआधी बांधली नव्हती आणि नंतरही नाही.

बुवांनी दोनदा ऐकली आणि विचारलं, "चढता खंय ही?"

"ह्या रागाची प्रकृतीच गंभीर," मी ठोकून दिलं. "मोठे मोठे बुवा असेच गायत."

पहाडीला गंभीर म्हणणं म्हणजे विदूषकाला न्यायाधीश म्हणण्यासारखं. पण मोठे बुवा म्हटल्याबरोबर आमचे बुवा विरघळले. पट्टी काळी चार आहे ना, एवढं मात्र पेटीवर बोट ठेवून त्यांनी खात्री करून घेतली.

बारी दुपारची जेवणं झाल्यावर सुरू झाली. बायका देवळाच्या बाजूच्या पडवीत, पुरुष समोर. पलीकडचे बुवा आधी गायले, चांगले गायले, वरपर्यंत गेले. मग आमच्या बुवांनी पेटी ओढली. माना उंचावल्या. बोट काळी चारवर पडलं आणि आमच्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. गाणं अजून सुरूच व्हायचं होतं.

मग ती चाल सुरू झाली. बुवांचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता. ताण नाही, शिरा फुगलेल्या नाहीत. वरच्या पट्टीत ओरडताना त्यांच्या आवाजातला जो मऊपणा कधी दिसायचाच नाही तो आता सगळा दिसत होता. माझ्या शेजारची म्हातारी पान जुळवत होती, ती तशीच पान हातात धरून बसली. मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडाशी धरला. हा माणूस मुळात असा गाणारा होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिडीवर चढवून ठेवलं होतं.

गजर एकदा म्हणून झाला. तेवढ्यात पुरुषांतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बुवा, चाल बरी आसा. पण आता चढा."

बुवांनी तिकडे बघितलं. मग पडवीकडे, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांना ते दिसलं, याची मला खात्री आहे. त्यांनी डोळे मिटले आणि दुसऱ्या खेपेला पंचमावरून खाली यायच्या ऐवजी ते वर निघाले. वरचा सा लागला. रिषभ लागला. गंधारावर आवाज गेला. फाटला नाही, चिरकला नाही, नुसता थांबला. तोंड उघडं, बोटं पेटीवर चालू, टाळ चालू, आणि मध्ये जिथे माणूस गात होता तिथे काही नाही. पखवाजवाल्याने समजून तिहाई घेतली आणि संपवलं.

आता आमच्या गावाचा न्याय ऐका. बारी बुवा जिंकले. पंचांनी तसं जाहीर केलं आणि पलीकडच्या गावालाही ते मान्य झालं. शाल आली, नारळ आला. घरी पोचवायला आलेले लोक मला दारात अभिमानाने सांगत होते, "आवाज गेलो वयनी, पण पट्टी सोडूक नाय."

आवाज परत आला नाही. नुसती कुजबूज राहिली. दुकानात येणारी माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायला लागली, जसं काही ते बहिरेच झाले होते. बुवा माप घ्यायचे आणि बोटांनी इंच दाखवायचे. पेटी मी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. वर्षभर तिचं नाव कुणी काढलं नाही. मला त्यांचा राग यायचा, फार यायचा. पण ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं? मग तो राग मी भांड्यांवर काढायची.

एका दुपारी जेवण झाल्यावर बुवांनी स्वतःच पेटी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "ती खालची चाल म्हण," ते म्हणाले.

"कित्याक?"

"माका म्हणूक येणा नाय. आयकूक तरी गावांदे."

मी भाता उघडला. बोट आपसूक काळी चारवर गेलं. त्यांनी मान हलवली आणि माझा हात उचलून बाजूला केला.

"ती माजी," ते म्हणाले. "तुजी खंयची?"

 त्यांच्या गळ्यातला कानाकोपरा मला ठाऊक होता. कुठल्या स्वराआधी त्यांना श्वास लागतो ते झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि माझी पट्टी कोणती हे मला माहीत नव्हतं. मी तिशी ओलांडली होती. ओठातल्या ओठात गुणगुणायला पट्टी लागत नाही.

"आता विचारतास?" मी म्हटलं. माझा आवाज चिडका निघाला आणि तो मोठा होता.  त्यांनी नुसतं पेटीकडे बोट दाखवलं.

मी पांढरी एक, म्हणजे सप्तकातल्या सगळ्यांत खालच्या पट्टीपासून सुरुवात केली. तिथे चाल तळाला जाऊन घोगरी व्हायची. एकेक पट्टी चढत गेले. प्रत्येक पट्टीवर बुवा कान देऊन ऐकायचे आणि मान हलवायचे, अजून वर. काळी तीन झाली. काळी चार झाली, तिथेही जागा उरली. काळी पाचला आवाज अगदी चपखल लागला, खालचा पंचमसुद्धा गोल आला. मग मला कोण जाणे काय झालं, गजर संपवून मी वर निघाले. सा, रिषभ, गंधार. गंधारावर पाहिजे तेवढी थांबले, आणि उतरले तेव्हा श्वास शिल्लक होता. जन्मात पहिल्यांदा मी गळा सोडून गायले, आणि काही कष्ट पडले नाहीत, याचंच मला रडू आलं.

बुवा माझ्या बोटाकडे बघत होते. तालुक्यातल्या एकाही बुवाने कधी त्या पट्टीवर बोट ठेवलं नव्हतं. बायकांचे गळे मुळात तिथेच असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं, आणि मी सांगितलं नाही. ते उठले. रस्त्याकडच्या खिडकीपाशी गेले, बाहेर कोणी आहे का ते बघितलं आणि दोन्ही फळ्या लावून कडी घातली.

परत येऊन समोर बसले. "ह्या खंय बोलू नको," ते कुजबुजले. मग पेटी माझ्याकडे थोडी सरकवली. "परत म्हण."

मी परत म्हटलं. त्यानंतर रोज दुपारी म्हणत गेले, पुढची सगळी वर्षं, ते होते तोवर. ते भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे, मधूनच एखाद्या जागेला हात उचलायचे. इतकं मनापासून मला नंतर कुणी ऐकलं नाही. खिडकी उघड असं त्यांनी कधी म्हटलं नाही. मीही उठून ती कधी उघडली नाही.