अंगठे धरलेला मॅनेजर

माझ्या नवऱ्याच्या शाळेचं नाव इंग्लिश स्कूल. इंग्रजांच्या काळात कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी निघाली. इंग्रज गेले, नाव राहिलं. शिकवणं सगळं मराठीतून, इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही मराठीतूनच. आमचं लग्न ठरताना सासऱ्यांनी "मुलगा इंग्लिश स्कूलचा आहे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या आईला वाटलं, कॉन्व्हेंटचा दिसतोय. साखरपुड्याला तो आपल्या मित्रांशी मालवणीत सुरू झाला आणि आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओमानला, मस्कतमध्ये आलो. माझ्या शाळेचे माजी विद्यार्थीही मस्कतमध्ये असणारच. कदाचित एकाच लिफ्टमधून वरखाली करत असू. पण आम्ही एकमेकांना कधी शोधलं नाही, कारण शोधून करायचं काय? इंग्लिश स्कूलवाल्यांचं तसं नाही. आम्ही मस्कतला येऊन वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये खोकी उघडतोय, गॅसची शेगडीही लागली नव्हती, तोच दारात तिघे उभे. एकाच्या हातात कोकमं, दुसऱ्याच्या हातात कुळथाचं पीठ. "कुठल्या साली दहावी?" हा पहिला प्रश्न. नवऱ्यानं साल सांगितलं. मग त्यांनी हिशोब केला आणि त्यातला जो इलेक्ट्रिशियन होता तो त्याला म्हणाला, "म्हणजे तू आमच्यापेक्षा लहान. पाणी आण."

आणि माझा नवरा, ज्यानं घरात कधी स्वतःचा ग्लास स्वतः भरला नव्हता, तो गेला की हो पाणी आणायला.

तर असं ते माजी विद्यार्थी मंडळ. त्यात सगळे होते. कुणी इंजिनीअर, कुणी एसी दुरुस्त करणारे, एक बँकेतला, दोघे हॉटेलच्या किचनमध्ये, एकाचं लांब सहम गावी किराणा मालाचं दुकान. महिन्यातून एका शुक्रवारी दार्सैतला एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये जमायचे. मंडळाची घटना वगैरे काही लिहिलेली नव्हती, पण नियम एकच आणि तो काळ्या दगडावरच्या रेघेसारखा: इथं मान दहावीच्या सालाप्रमाणे. कोण कुठल्या कंपनीत कोण आहे, ते खाली चपलांपाशी ठेवून यायचं. जुना तो मोठा, नवा तो धाकटा. धाकट्यानं खुर्च्या लावायच्या, मोठ्यानं बसायचं. आम्ही बायका पाहुण्या, आम्ही वडे वाढायचे. आम्हाला सालच नाही ना.

सगळ्यात जुने होते ते दादा. शाळेत असताना ते मॉनिटर होते आणि ते काम त्यांनी पुढं कधी सोडलंच नाही. माझा नवरा पाचवीत, तेव्हा दादा दहावीत. प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांना फाटकाशी अडवायचे आणि अंगठे धरायला लावायचे. मस्कतमध्येही तेच. उशिरा येईल त्यानं सगळ्यांसमोर वाकून पायाचे अंगठे धरायचे, आणि दादा "ऊठ" म्हणेपर्यंत उठायचं नाही. सहमवाला अडीच तास गाडी हाकून यायचा आणि कधी उशीर करायचा नाही. दहा मिनिटांवर राहणारे आम्ही कायम उशिरा. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली माणसं वाकून अंगठे शोधतायत, ते पोटाआड दिसत नाहीत, आणि बाकीचे टाळ्या पिटतायत. आमची मुलगी पहिल्यांदा ते बघून माझ्या कानात म्हणाली, "मम्मा, इज धिस लीगल?" मी म्हटलं, त्यांची शाळा आहे, त्यांना विचार.

आता यातली गंमत अशी, की दादा माझ्या नवऱ्याच्या हाताखाली होते. नवरा क्रेन आणि जड यंत्रं भाड्यानं देणाऱ्या कंपनीत मॅनेजर, आणि दादा त्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. रविवार ते गुरुवार दादा केबिनच्या दारात उभे राहून "सर, वो पार्ट आ गया" म्हणायचे. चक्क हिंदीत, कारण वर्कशॉपमध्ये सगळे ऐकतात. आणि शुक्रवारी हेच सर दादांच्या पाया पडायचे. मी एकदा म्हटलं, "अरे, गोंधळ नाही का होत तुमचा?" तर म्हणतो, "कसला गोंधळ? शाळा ती शाळा, कंपनी ती कंपनी." एवढं सोपं होतं ते, जोपर्यंत कंपनी चालत होती.

मग तेलाचे भाव पडले. मस्कतमध्ये तेलाचे भाव पडले की सगळ्यांचंच काहीतरी पडतं. आमच्या बिल्डिंगमधली दोन कुटुंबं शाळेचं वर्ष संपायचीही वाट न बघता परत गेली. क्रेन यार्डात उभ्या राहिल्या. आणि कंपनीच्या मालकांनी, ज्यांना सगळे अर्बाब म्हणत, नवऱ्याला बोलावून सांगितलं की वर्कशॉपला आता दोन फोरमन नकोत, एक पुरे. कुठला ठेवायचा ते तू ठरव.

दुसरा फोरमन केरळचा, वयानं बराच लहान, कामाला दोघेही सारखेच चोख. हे मला नवऱ्यानंच सांगितलं, गुरुवारी संध्याकाळी, जेवताना. पुढ्यातला आमटी-भात कालवत होता, पण घास काही तोंडात जात नव्हता. म्हणाला, "मी दादांचं नाव दिलं."

"का?" मी विचारलं. दादांचा मुलगा, ज्याला ते 'झील' म्हणत, रत्नागिरीला इंजिनीअरिंगला होता. घर दादांच्या पगारावरच चाललेलं. दादांना अजून दोनच वर्षं काढायची होती, मग ते आपणहून घरी जाणार होते. दर महिन्याच्या वड्यांबरोबर हे आम्ही ऐकत आलो होतो.

"दादांना ठेवलं असतं तर सगळे म्हणाले असते, शाळेचा म्हणून ठेवला."

मी चमचा खाली ठेवला. "म्हणजे शाळेचे नसते तर राहिले असते?"

तो भात कालवतच राहिला. मला असा संताप आला म्हणून सांगू. चार माणसांत नाव राहावं म्हणून आपल्याच माणसाचा गळा कापायचा, हा न्याय कुठल्या इंग्लिश स्कूलनं शिकवला? मी तोंडावर म्हटलं त्याला. तो म्हणाला, "तू समजतेस तितकं सोपं नाहीये ते. वर्कशॉपमध्ये निम्मे मल्याळी आहेत." मी म्हटलं, "मग दादांना सांगितलंस का?" तर नाही. पंधरा दिवस झाले होते. दोघांतला एक जाणार हे वर्कशॉपभर झालं होतं, नाव तेवढं कळायचं होतं. रोज सकाळी केबिनमध्ये बोलवायचं ठरवायचा, दादा दारात यायचे, "सर" म्हणायचे, आणि हा पार्टांबद्दल बोलून त्यांना परत पाठवायचा. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी गत.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शुक्रवार. दार्सैतला हॉटेलखाली गाडी लावली आणि उतरता उतरता अर्बाबांचा फोन आला. मी आणि मुलगी वड्यांचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीतच. नवरा बाहेर येरझाऱ्या घालत होता. आधी काहीतरी समजावत होता, मग नुसतं "यस, यस". आत येऊन बसला, चावी फिरवली, परत बंद केली. म्हणाला, "रविवारी सकाळी एचआर त्यांच्या हातात कागद देणार. अर्बाब म्हणाले, खलास, बहुत हो गया."

"म्हणजे आज सांगायलाच हवं."

"आज नाही सांगता येत. तिथं कंपनीचं बोलायचं नसतं."

मी त्याच्याकडे बघितलं. पन्नाशीला आलेला माणूस, आणि नियम मोडायला घाबरतोय. मी म्हटलं, "मग मी सांगते. मी तुमच्या शाळेची नाही." तेव्हा कुठं उतरला.

अर्थातच उशीर झाला होता. हॉलमध्ये सगळे बसलेले, मधे दादा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध. देवळात जाऊन आलेले. नवऱ्याला दारात बघून त्यांचा चेहरा खुलला, एवढ्या मोठ्या मॅनेजरला पकडायला कुणाला आवडणार नाही?

"इलंस? ये. धर आंगठे."

टाळ्या, हशा. सहमवाल्यानं शिट्टीसुद्धा मारली. नवरा पुढं गेला, दादांच्या खुर्चीसमोरच वाकला आणि अंगठे धरले. मी पातेलं टेबलावर ठेवायला तिथंच होते, म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही. मान खाली, तोंड जमिनीकडे, आणि तसाच वाकलेला तो म्हणाला, "दादा, तुमचा नाव इला. रविवारी सांगतले."

मला आधी वाटलं, दादांना कळलंच नाही. ते तसेच हसत होते. मग हळूहळू हसू गेलं. पण त्यांनी "ऊठ" म्हटलं नाही. उठून उभे राहिले आणि बाकीच्यांना म्हणाले, "प्रार्थना."

सगळे उभे राहिले. प्रार्थना झाली, नवरा वाकलेलाच. मग नव्या आलेल्या एका पोराची ओळख झाली, त्याचं दहावीचं साल झालं, टाळ्या झाल्या. नवरा वाकलेलाच. त्याला कमरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी बादलीसुद्धा उचलू नका म्हटलेलं. कुणीतरी म्हणालं, "दादा, पुरे हो, पाठ जाईल त्याची." दादांनी तिकडं बघितलंच नाही. आता हॉलमध्ये हशा नव्हता. काय झालंय ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण काहीतरी झालंय हे कळत होतं. एकानेही जाऊन त्याला उठवलं नाही. तो त्यांचा नियमच नव्हता. मी जाणार होते, खरंच सांगते, दोन पावलं टाकलीही. पण मग मला आदल्या संध्याकाळचा आमटी-भात आठवला आणि मी म्हटलं, राहू दे थोडा वेळ.

शेवटी दादा त्याच्याजवळ गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवला, मारल्यासारखा नाही, टेकल्यासारखा. हळूच म्हणाले, "माझो झील अजून तिसऱ्या वर्साक आसा रे."

"माहीत आसा, दादा."

"ऊठ आता. सगळे बघतत."

नवरा उठला. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं वाकून वाकून आलं. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मग वडे, मग चहा. मी चहा ओतत होते तर दादा कप घेऊन स्वतः आले. एरवी त्यांना जागेवर न्यावा लागायचा. टेबलाशी उभे राहिले, साखर घातली, ढवळली, ढवळतच राहिले.

"वहिनी, एक इचारू? दुसरो फोरमन आसा ना, तेचा नाव कित्याक नाय इला? काम माझा वाईट आसा काय?"

मी काय सांगायला हवं होतं? कंपनी, मंदी, वय, असली शंभर कारणं होती, आणि एचआरवाले रविवारी ती देणारच होते. पण माणूस माझ्या समोर उभा राहून आपलं काम वाईट आहे का म्हणून विचारत होता. मला नाही जमलं.

"काम नाही हो, दादा," मी म्हटलं. "तुम्ही शाळेचे. तुम्हाला ठेवलं असतं तर लोक बोलले असते, म्हणून."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. न पिता. हॉलमध्ये धाकटे खुर्च्या उचलत होते, सहमवाला पिशव्यांतून भाजी वाटत होता, आणि माझा नवरा कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकलेला. दादांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माका वाटलेला," ते म्हणाले, "शाळेचो म्हणान तरी वाचतलंय."