नंदाचा रेडा

नंदानं शिलाई मशीन विकलं, ही बातमी तिच्या तीनचाकीच्या आधी घरी पोचली. बेंबळीत असंच चालतं. स्टँडवर कुणी शिंकलं तर गल्लीत काढ्याला पाणी ठेवतात. भिमाबाई कमरेवर हात देऊन उंबऱ्यातच उभी होती.

"फुकट मिळालेलं बी जपता येईना का गं तुला?"

"फुकट कुठं, आई? फोटो काढून घेतला की त्यांनी माझा."

तो फोटो खरंच निघाला होता. लांबच्या शहरातली कुठलीशी संस्था आली होती, मंडप पडला होता, आणि एका गृहस्थांनी माईकवरून सांगितलं होतं, "नंदाताई, आता स्वतःच्या पायांवर उभ्या राहा." नंदाचे दोन्ही पाय दीड वर्षाची असताना पोलिओनं गेलेले. आपण काय बोललो ते त्या गृहस्थांना कळलंही नाही, आणि भरल्या मंडपात हसली ती एकटी नंदा. बरं, मशीन दिलं तेही पायानं चालवायचं! त्यावर भिमाबाईचं म्हणणं, मोटार बसीव की. नंदाचं म्हणणं, मोटारच बसवायची तर मशीनलाच कशाला?

तिनं मांडीवरचं खोकं उघडून दाखवलं. आत प्लॅस्टिकचे ठोकळे होते, दातेरी चाकं, बोटाएवढे शॉकअप, दोन मोटारी, बॅटरीचा डबा आणि एक जुना रिमोट. सोलापुरातल्या एका घरातला मुलगा मोठा झाला म्हणून त्यांनी विकायला काढलेला माल. भिमाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अडतीस वर्साची झालीस, आन् खेळणी आणलीस व्हय गं?"

"खेळणी न्हाय. ट्रक हाय. अजून व्हायचाय."

नंदाचं स्टँडवर मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानाला लागून शंभुलिंगअप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. उभ्या माणसाला गाडीचं तोंड दिसतं. नंदाची बैठक खाली, तिला गाडीचं पोट दिसतं. कुणाच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, कुणाचं स्टिअरिंग ढिलं होऊन प्ले आलाय, हे ती गिऱ्हाइकाला सुटे देता देता सांगायची आणि अप्पा चिडायचे, कारण बहुतेक वेळा ते खरं निघायचं. शिवाय तिच्या हातानं रेटायच्या तीनचाकीला शॉकअप नाही. रस्ता कुठं उखडलाय हे इतरांना डोळ्यांनी कळतं, नंदाला कमरेनं.

फोनवर तिनं ठोकळ्यांचे ट्रक दगडधोंड्यांवरून चढताना पाहिले होते. मग कळलं की हिवाळ्यात धाराशिवला एका कॉलेजच्या मैदानावर अशाच ट्रकांची स्पर्धा आहे. ट्रक स्वतः रचलेला हवा, बाकी कुणीही यावं. त्याच दिवशी तिनं मशीनला गिऱ्हाईक शोधलं.

धाकटा भाऊ राजपाल पंचायत समितीत शिपाई आहे. शांत गडी, पण त्यानंही विचारलं, "ताई, कशापायी करतीस हे?"

"मला नंबर पाहिजे," नंदा म्हणाली.

"पहिला?"

"कितवा बी. पर सगळ्यांच्या रांगेतला."

राजपालला कारण ठाऊक होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात नंदाला दर वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळायचं. धावण्याच्या शर्यतीचं! न धावता! बाई तिला उचलून स्टेजवर नेत, टाळ्या पडत, आणि स्टीलची वाटी हातात येई. अशा वाट्या घरात अजून आहेत, भिमाबाई त्यांत लोणचं काढते. नंदा त्या वाटीतलं लोणचं खात नाही. हट्ट म्हणा हवं तर. मी त्याला हट्ट म्हणणार नाही.

ट्रकचं नाव तिनं आधी ठेवलं आणि ट्रक मागून केला. रंगानं काळा, चालीनं मठ्ठ, म्हणून रेडा. पहिला रेडा तिनं फार हौसेनं केला. चारी चाकांना स्वतंत्र शॉकअप, तेही मऊ, इतके मऊ की टपावर बोट ठेवलं तरी खाली बसायचा. ओसरीवर तिनं लाटणं, पाटा, वरवंटा मांडला आणि रेड्याला त्यावरून नेलं. वरचा टप जरासुद्धा हलला नाही. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. असं वाहन आपल्याला कुणी केलं असतं तर, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी तोच रेडा ओढ्याच्या काठावर नेला. तिरप्या उतारावर एका बाजूचे शॉकअप दबले, रेडा कलला आणि चारी चाकं वर करून पडला. सरळ केला, पुन्हा पडला. त्यात आणखी एक खोड. चाक दगडावर चढलं की आपोआप डावीकडं वळायचं. नंदा रिमोटवर म्हणतेय सरळ, आणि रेडा निघालाय बाभळीत. स्टिअरिंगची मोटार तिनं सांगाड्यावर बसवली होती, तिच्यापासून चाकापर्यंत एक दांडी. चाक वर उचललं गेलं की दांडी तिरपी व्हायची आणि चाकाला ओढायची. वळवायला कुणी सांगितलेलं नसताना.

काठावर म्हशी धुणारी माणसं पोट धरधरून हसली. नंदानं रेडा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "हसून घ्या. आजच्या दिवस सूट हाय."

तिनं दांडी लांब केली, आखूड केली, शॉकअप तिरपे लावले. एक खोड गेली की दुसरी यायची. असे आठवडे गेले. भिमाबाई रोज म्हणायची, "इकून टाक, मशीन परत घेऊ." नंदा रोज म्हणायची, "घेऊ, तू शिव."

मग एके दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि अप्पांच्या दारात एक ट्रॅक्टर आला. गॅरेजसमोर धोंडा होता. पुढचं एक चाक धोंड्यावर चढलं, दुसरं खालीच राहिलं. पुढचा अॅक्सल चांगला तिरपा झाला, पण बॉनेट होतं तसंच राहिलं. नंदानं हे हजारदा पाहिलं असेल. त्या दिवशी मात्र ती ओरडली, "थांबा! उतरवू नका!"

तीनचाकी रेटत ती ट्रॅक्टरच्या नाकाशी गेली आणि वाकून खाली पाहू लागली. सगळा पुढचा अॅक्सल मधल्या एकाच पिनवर टांगलेला. झोका घ्यायला मोकळा. पुढं शॉकअप नाही, पाटा नाही, काही नाही.

"अप्पा, पुढं स्प्रिंगच न्हाय की ओ ह्याला!"

"नांगराच्या गाडीला स्प्रिंग कशाला? चारी चाकं भुईला टेकली म्हणजे झालं," अप्पा पान्हा पुसत म्हणाले. "धक्का बसतो तो डायवरला. ट्रॅक्टरला कंबर असती व्हय?"

अप्पा सहज बोलून गेले आणि कामाला लागले. नंदा तिथंच बसून राहिली. तिला स्वतःचा राग आला, आणि मग हसूही आलं. इतके दिवस ती ट्रक करतच नव्हती. ती स्वतःच्या कमरेसाठी गादी करत होती. रेड्याला धक्का लागू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि रेड्याला धक्क्याचं काय? आपलं दुखणं त्याच्या अंगात भरलं म्हणून तो उताराला टिकेना.

त्या संध्याकाळी तिनं रेडा पार मोडला. पुढचा अॅक्सल एकसंध केला आणि मधोमध एका पिनवर टांगला. मोटारीकडून चाकांना फिरवायला येणारा दांडा त्या पिनेच्याच रेषेतून नेला, म्हणजे अॅक्सल कितीही कलला तरी दांडा ओढला जाणार नाही. आणि स्टिअरिंगची मोटार सांगाड्यावरून उचलून सरळ अॅक्सलवर बसवली. आता अॅक्सल झोका घेईल तसं स्टिअरिंगही बरोबर झोका घेईल, चाकाला ओढायला कुणी उरलंच नाही. मागं तेवढे दोन शॉकअप ठेवले, पण कडक. ओसरीवर लाटण्यावरून नेला तर टप गदगदा हलला. ओढ्याच्या उतारावर नेला तर घोरपडीसारखा चिकटून चालला. म्हशी धुणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "आता जमलं की ओ!" नंदानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. सूट संपली होती.

धाराशिवच्या मैदानावर तेवीस ट्रक आले होते. कॉलेजची पोरं, एक डॉक्टर, लातूरची दोन भावंडं. दोन दोऱ्यांमध्ये अरुंद वाट आखलेली. आधी दगड, मग तिरपा उतार, मग पाणी मारलेली काळी माती, शेवटी लाकडाचे ओंडके. ट्रक चालवणाऱ्यानं दोऱ्यांच्या आतून ट्रकमागं जायचं. नंदाचा रिमोट जुना, त्याची नजर ट्रकवर हवी, हातभर अंतरावर जायलाच हवं. आणि तीनचाकी त्या वाटेत मावत नव्हती.

आयोजक कृष्णराज सर धावत आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"ताई, काळजी करू नका. रिमोट तुमच्या भावाकडे द्या. आपण तुमची वेगळी नोंद करू, विशेष सहभाग म्हणून."

"वेगळी कशाला?"

"म्हणजे वेळेचं वगैरे बंधन नको तुम्हाला."

नंदाला तोंडात लोणच्याची चव आली. चौथीत असताना पोरं तिच्या मागं रांगत, तिची नक्कल करत शाळेपर्यंत यायची. तेव्हापासून चारचौघांत ती भुईवर उतरली नव्हती, तीनचाकी नाहीतर राजपालची पाठ. तिनं मैदानाकडं पाहिलं. सगळे तिच्याकडंच बघत होते. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा संताप आला.

"राजपाल, चपला काढ."

राजपालनं चपला काढल्या. तिनं त्या हातांत घातल्या, रिमोट ओढणीला बांधून गळ्यात अडकवला आणि तीनचाकीवरून खाली उतरली. दोन पोरं उचलायला धावली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "घड्याळ लावा."

शिट्टी वाजली. रेडा दगडांवर चढला, पुढचा अॅक्सल डावी उजवीकडं झोके घेत चालला. मागून नंदा, हातांवर, पाय ओढत, दर वितीला थांबून रिमोट दाबत. उतारावर तिच्या आधीचे कितीतरी ट्रक उलटले होते. रेडा कलला, थांबला, चिकटला, निघाला. काळ्या मातीत मात्र अडकला. चिखल पुढच्या चाकांच्या बेचक्यात भरला आणि स्टिअरिंग वळेना. उभी माणसं वरून "रेस! रेस!" ओरडत होती. नंदाची हनुवटी चिखलाला टेकायची बाकी होती. तिला पोटाखालचं सगळं दिसत होतं. तिनं रेडा मागं घेतला, चाकं डावीकडं उजवीकडं झटकली, गोळा पडला, आणि रेडा पुढं सरकला. ओंडके पार झाले तेव्हा तिच्या कोपरांपर्यंत काळी माती होती आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

बक्षिसाच्या वेळी कृष्णराज सरांनी शाल आणि नारळ घेऊन तिलाच आधी पुढं बोलावलं. माईकवर आवाज भरून आला होता. "मित्रहो, आज खरा विजय झाला तो जिद्दीचा! नंदाताईंना आपण विशेष..."

"सर," नंदा खालून म्हणाली, "माझा नंबर कितवा आला?"

सर गडबडले. शेजारच्या पोरीनं कागद पाहून त्यांच्या कानात सांगितलं.

"चौथा. पण ताई, तुमची गोष्टच..."

"चौथ्याला शाल हाय का?"

"नाही, बक्षीस तिघांनाच..."

"मग मला कशाला? ती ठेवा. चौथा म्हणा तेवढं. माईकवर."

मैदानात चुळबूळ झाली. एवढ्या मानानं बोलावलं आणि बाई तोंडावर फेकते, असंही कुणी पुटपुटलं. सरांच्या हातातली शाल तशीच राहिली. मग ते माईककडं वळले आणि साध्या आवाजात म्हणाले, "चौथा क्रमांक, नंदा कोंडिबा कांबळे, बेंबळी." टाळ्या पडल्या. मघाच्या मानानं थोड्याच, चौथ्या नंबराला पडतात तेवढ्या. नंदानं त्या कान देऊन ऐकल्या.

घरी आली तेव्हा ओसरीवर भिमाबाई आणि शेजारच्या गिरिजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. लेकीचे चिखलानं भरलेले हात पाहून भिमाबाई उठलीच.

"काय गं हे? पडलीस?"

"उतरले," नंदा म्हणाली. "चौथा नंबर आला."

"काय मिळालं त्याचं?"

"काय न्हाय."

भिमाबाई आत जाऊन घंगाळात गरम पाणी घेऊन आली, लेकीसमोर बसली आणि तिचे हात पाण्यात घालून चोळू लागली. गिरिजाबाईंना हळहळ वाटली. त्यांनी मायेनंच विचारलं, "आपल्या नंदासारखे किती अपंग आले हुते गं तिथं?"

भिमाबाईचा हात थांबला.

"अपंग कशाला येतील?" ती कडाडली. "ट्रक आले हुते. तेवीस ट्रक! त्यात माझी पोरगी चौथी हाय."