अप्पांच्या पावलांचं माप

पंचनाम्यातलं ते वाक्य मला पाठ आहे. 'सदर जागेवर प्रेतं पुरल्याची कोणतीही खूण दिसून आली नाही, जागा पडीक व सपाट आहे.' खाली सही, शिक्का आणि दोन पंचांची नावं. त्या पडीक आणि सपाट जागेत माझी माय बसलेली होती. तिच्या शेजारी आजी, पलीकडे आजोबा, आणि त्यांच्याही पलीकडे आमच्या गल्लीतली निम्मी माणसं.

बसलेली म्हणजे बसलेलीच. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत आणि आडवाही करत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग ठेवतात, विभूती आणि बेल वाहतात आणि तसंच मातीत देतात. खड्डा फुटपट्टीनं मोजत नाहीत. गेलेल्याच्याच पावलाएवढा दोरा घ्यायचा आणि त्यानं एका बाजूला नऊ पावलं, दुसऱ्या बाजूला पाच पावलं मोजायची. हे माप आमचे जंगम घेतात, म्हणजे आमच्यातले विधी करणारे गुरू. मायचं पाऊल लहान होतं, म्हणून तिची जागाही लहान निघाली. अप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कडेला उभे राहून म्हणाले होते, "शेजारची माझी."

पंचनामा करणाऱ्या तलाठ्यानं शोधले लांबट उंचवटे. ते सापडणार कुठून? त्यात आमच्या लोकांची एक खोड. दर शिवरात्रीच्या आधी सगळे मिळून ती जागा साफ करतात. गवत काढतात, खचलेली माती भरून घेतात, फावड्यानं एकसारखी करतात आणि वरून सडा मारतात. आपली माणसं स्वच्छ जागेत बसलेली असावीत, एवढाच त्यात भाव. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही स्वतःच्या हातानं पुरावा पुसत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो. मायच्या जागेवर लावलेला बेल शेळीनं खाल्ला, तेव्हा अप्पा हसून म्हणाले होते, खाऊ दे, तिला शेळ्यांचा लळा होता. वर्षभरात तोच बेल पंचनाम्यात खूण म्हणून यायला हवा होता.

आमचं गाव झरीच्या पुढे. रस्ता रुंद झाला आणि स्मशानाची कड थेट डांबराला लागली. तोवर त्या जागेकडे ढुंकून न बघणाऱ्या ग्रामपंचायतीला एकाएकी गावाचा विकास आठवला. ठराव झाला की तिथे दुकानांचे गाळे काढायचे. आम्हाला कुणी विचारलं नाही. चुन्याच्या फक्क्या पडल्या तेव्हा अप्पांना कळलं, कारण त्यांचं किराणा दुकान समोरच्या बाजूला होतं आणि एक फक्की मायच्या डोक्यावरून गेली होती.

मी परभणीला शाळेत शिकवते. सातवीला नागरिकशास्त्र मीच घेते. नागरिकाचे हक्क, धर्माचं स्वातंत्र्य, कायद्यापुढे समानता, सगळं फळ्यावर खडूनं लिहिलेलं. तेच मी अर्जात लिहिलं आणि अप्पांना घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं हात वर केले. तिसरा भला माणूस होता. त्यानं पंचनामा आमच्यासमोर सरकवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, कागदावर तिथं कुणीच न्हाई. भावना समजून घेतो मी, पर कागद बघा की."

अप्पांनी चष्मा लावून कागद वाचला. मग घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "माझी बायको तिथं हाय. तुमच्या कागदाला दिसंना, त्याला मी काय करू?"

मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. आजही जाते. भावना समजून घेतो म्हणे. आम्ही भावना घेऊन गेलोच नव्हतो, हक्क घेऊन गेलो होतो.

शेवटी परभणीच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. अप्पा पहिले वादी. आयुष्यभर गिऱ्हाइकाशी चढ्या आवाजात न बोललेला माणूस, सत्तरी उलटल्यावर सकाळच्या एसटीनं कोर्टात यायचा, बाकावर हात जोडून बसायचा आणि नुसती पुढची तारीख घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जायचा. या तारखांचा मला अजून राग आहे. त्या पाच मिनिटांत लागायच्या आणि त्यात त्यांचा अख्खा दिवस जायचा. पण एक सांगते. तो पंचनामा खरा आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा, असं म्हणणारं पहिलं ठिकाण ते कोर्टच होतं.

कोर्टानं एका वकिलाला कमिशनर नेमलं, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करणारा कोर्टाचा माणूस. ते आले त्या दिवशी ऊन रणरणत होतं. पंचायतीचे लोक सावलीत उभे होते. कमिशनरांनी चारी बाजू बघितल्या आणि अप्पांनाच विचारलं, "तुमच्या पत्नी कुठं आहेत, दाखवता येईल?"

अप्पांनी चपला काढल्या. बोरीच्या झाडापासून चालत गेले आणि एका जागी थांबले. "हितं." मग थोडे सरकले आणि टाचेला चवडा लावत पावलं टाकायला लागले. एक, दोन, तीन. तापलेल्या मातीत अनवाणी. नऊ झाल्यावर वळले आणि पाच टाकली. थकलेले होते, तोल जात होता, पण माझा हात त्यांनी धरला नाही. "आन्‌ ही माझी," ते म्हणाले. "आमच्यात असंच मोजत्यात, साहेब. ज्याचं त्याच्याच पायानं."

सावलीतलं कुणीतरी हसलं. कमिशनर हसले नाहीत. त्यांनी टेप काढला, अप्पांच्या पावलांची जागा बोरीपासून मोजली आणि लिहून घेतली. मग अप्पांच्या सांगण्यावरून कडेच्या एका जुन्या समाधीची माती थोडी उकरली, तर पुरताना घातलेले विभूतीचे पांढरे गोळे वर आले. अहवाल गेला. महिन्याभरानं कोर्टानं पंचायतीला मनाई केली की निकालापर्यंत तिथे बांधकाम करायचं नाही. अप्पांनी दुकानातल्या सगळ्यांना खडीसाखर वाटली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका पहाटे अप्पा गेले.

मी पोचले तोवर भावानं आणि जंगमांनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. हे लवकर करावं लागतं, नंतर अंग वळत नाही. कपाळाला विभूती, हातात लिंग. चार माणसं कुदळी घेऊन जागेवर गेली आणि तशीच परत आली. तिथे ग्रामसेवक उभा होता, सोबत पोलीस जमादार. म्हणाले, प्रकरण न्यायप्रविष्ट हाय, निकाल लागेपर्यंत तिथं कुदळ मारता येत न्हाई.

म्हणजे कोर्टानं जी मनाई त्यांना केली होती, ती त्यांनी आमच्या अंगावर घातली. आमचं संरक्षण आमच्याच दाराला कुलूप म्हणून लावलं.

ग्रामसेवकानं वर तोडगाही सुचवला. "तोवर तुमच्या शेतात द्या की."

"आमाला शेत न्हाई, दुकान हाय," भाऊ म्हणाला. "दुकानात पुरू का बापाला?"

मी त्याला घरी ठेवलं आणि निघाले. वडील घरात भिंतीला टेकून बसलेले आणि लेक जीपमधून परभणीला चाललेली, परवानगी मागायला. कसली परवानगी? आपल्या बापाला आपल्या आईशेजारी बसवायची. वाटभर मला रडू आलं नाही.

वकिलांनी कोर्ट उघडल्याबरोबर तातडीचा अर्ज दिला. न्यायाधीश बाई माझ्याहून वयानं लहान असाव्यात. पंचायतीचे वकील म्हणाले, गावात तणाव होईल, दुसरी सार्वजनिक स्मशानभूमी उपलब्ध आहे. बाईंनी मला विचारलं, "मयत आत्ता कुठे आहेत?"

"घरी. बसलेत," मी म्हणाले.

त्यांनी मान वर करून बघितलं आणि मग कमिशनरांचा अहवाल उघडला. त्यांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. वादी क्रमांक एक यांनी स्वतःच्या पावलांनी नऊ गुणिले पाच अशी जागा मोजून दाखवली, बोरीच्या झाडापासून अमुक अंतरावर. पंचायतीच्या वकिलांना त्या एवढंच म्हणाल्या, "मनाई तुम्हाला आहे. यांना नाही. जागा तर त्यांनी स्वतःच दाखवून ठेवली आहे." आणि हुकूम सांगायला लागल्या. अंत्यविधीला अडथळा करू नये, पोलिसांनी संरक्षण द्यावं.

तेव्हा मी रडले. उपकार वाटले म्हणून नाही. इतक्या साध्या गोष्टीला न्यायाधीश लागतो, याचं रडू आलं. ज्याची लेक शिकलेली नाही, ज्याला दिवस उगवल्याबरोबर वकील गाठता येत नाही, त्याच्या बापाला त्या दिवशी कुठे बसवलं असतं?

दुपारी जंगमांनी अप्पांच्या पावलाचा दोरा घेतला आणि नऊ-पाच मोजलं. सकाळी आम्हाला अडवणारा जमादार आता बाकीच्यांना मागे सारत होता, जणू सकाळी तो नव्हताच. खड्डा अप्पांनी दाखवला होता तिथेच निघाला. मायच्या शेजारी, हातभर माती मध्ये.

दावा अजून चालू आहे. तारखांना आता मी जाते. यंदा शिवरात्रीच्या आधी गल्ली जमली, गवत काढलं, सडा घातला. भावानं सवयीनं फावडं घेतलं आणि अप्पांवरचा ढीग सपाट करायला वाकला. मी फावड्याचा दांडा धरला.

"राहू दे," मी म्हणाले. "दिसायला पायजे."

मग त्यानं कडेची माती ओढून मायच्या जागेवरही ढीग घातला. मग आजीच्या, मग आजोबांच्या. बघता बघता बाकीच्यांनीही आपापल्या माणसांवर माती ओढायला सुरुवात केली.